एकजीव वजा दही

तुम्ही लोकांच्या मोऱ्या उघडल्यात. दारं नव्हेत, मोऱ्या. दार उघडायचं तर निदान कडी वाजवावी लागते, आतून कुणीतरी 'कोण आहे' म्हणून विचारतं. मोरीला कुठली आलीय कडी? माणूस जे धुऊन टाकतो, थुंकून टाकतो, ते तुम्ही हुंगलंत, आणि वर छातीला हात लावून सांगितलंत की हे बायकांच्या भल्यासाठी चाललंय. ज्या बाईच्या नावानं गळा काढून तुम्ही कायदा पास केलात, तसली एक बाई सोलापुरात राहते. अर्चना बिडवे तिचं नाव. तिचं काय झालं ते ऐका. ऐकताना मोबाइल खाली ठेवा.

कायद्याचं नाव सहनिवास संरक्षण कायदा. नुसतं नाव वाचून डोळ्यांत पाणी यावं. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या बाईला पुरुषानं वाऱ्यावर सोडलं तर घरमालकानं तिला एकदम बाहेर काढू नये. तो आजारी पडला तर तिला दवाखान्यात हक्कानं उभं राहता यावं. कामावर त्याचं बरंवाईट झालं तर कारखान्यानं तिला बायकोसारखंच वागवावं. यात वाईट काय आहे? काहीच नाही. अडचण एवढीच होती, की कोण कुणाचं आहे हे ठरवायचं कसं. शेजारी खोटं बोलतो. घरमालक बोलूनचालून घरमालक. आणि त्या दोघांनाच विचारावं, तर भांडण झालेल्या दिवशी एक सांगतात, समेट झाल्यावर दुसरं. तेव्हा तुम्ही ठरवलंत, की माणसांना विचारायचंच नाही. जंतूंना विचारायचं.

माणसाच्या पोटात, तोंडात, कातडीवर जंतूंची मोठी वस्ती असते. त्यात एकाच जातीचा जंतूसुद्धा घरागणिक जरा जरा वेगळा होतो. एकाच गिरणीचं सूत दोन मागांवर चढवलं तर कापड हाताला वेगळं लागतं, तसं. एका ताटात जेवणारी, एका उशीला टेकणारी माणसं हळूहळू आपापले जंतू एकमेकांना देऊन बसतात. सख्खे भाऊ वेगळे निघाले की त्यांचे जंतूही वेगळे व्हायला लागतात, आणि परकी दोघं एका छपराखाली नांदली की त्यांचे जुळायला लागतात. हा शोध खरा होता. शोधाचा काही गुन्हा नाही.

मग पेटी आली. मुठीएवढी, मोरीच्या पाइपात बसवायची. आत एक पडदा, पडद्याला सुईच्या नेढ्याहून लाखपट बारीक भोकं. जंतूच्या डीएनएचा धागा त्या भोकातून ओवला जातो, ओवता ओवता भोकातली वीज थरथरते, आणि त्या थरथरण्यावरून पेटी धागा वाचते. आरोग्यकार्ड काढताना प्रत्येकाची थुंकी घेतलेली होतीच. पेटी ताळा करते आणि कुठल्याही दोन माणसांना शंभरपैकी एक अंक देते. पन्नासच्या वर गेलात की तुम्ही एकजीव. 'मिश्रण एकजीव होईपर्यंत ढवळा' असं पाककृतीत लिहितात, तो शब्द कुणातरी साहेबानं उचलून कायद्यात घातला. सोलापूरकरांनी पेटीचं बारसं आपल्या पद्धतीनं केलं. चोंबडी म्हणायचे तिला.

अर्चना टॉवेलच्या किनारी शिवायची. अंबादास गाजूल एका टॉवेल कारखान्यात रंगखात्यात होता. पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि रागावला की दोन्ही. अर्चनाचं एक लग्न होऊन मोडलेलं. अंबादासनं सुरुवातीला विचारलं होतं, "करू या का?" ती म्हणाली होती, "एकदा केलंय. पुरे. तुला राहायचंय तर राहा, कागद नको." तो राहिला. बसवराज हत्तुरे यांच्या घरी वरच्या दोन खोल्यांत ती दोघं इतकी वर्षं राहत होती, की खालच्या मजल्यावरची हत्तुऱ्यांची सून त्यांना 'वरची मंडळी' म्हणत आली आणि म्हणता म्हणता तिचेही केस पिकायला लागले.

चोंबडीचा पहिला निकाल आला, तेव्हा हत्तुरे फोन हातात घेऊन जिना चढून आले. गुडघे दुखतात म्हणून एरवी ते वर येत नसत.

"गाजूल, बसा," ते म्हणाले. खोली अंबादासची, आणि बसायला हे सांगतात. "आकडा आलाय. एकाहत्तर. तुम्ही दोघं एकजीव."

"मग?" अर्चना म्हणाली. "आधी काय आम्ही दूधपाणी होतो?"

"चेष्टा नको बाई. आता मी कायद्यानं जामीन. उद्या तुमचं बिनसलं तर मला तुम्हाला काढता येणार नाही. हे गेले, तर तुम्ही राहणार. भाडं कोण देणार?"

"आत्ता कोण देतं? अर्धं मी देते."

"तसं नव्हे हो. तुम्ही खोल्या बघा दुसरीकडं. दिवाळीपर्यंत बघा, माझी घाई नाही."

तेवढ्यात गौराक्का, हत्तुऱ्यांच्या बायको, चष्मा पुसत जिन्यात आल्या. हातात नवऱ्याचा जुना फोन. त्याच्यावर सगळ्या घराचा निकाल उमटला होता. "काय हो," त्या म्हणाल्या, "हे खाली काय लिहिलंय? बसवराज हत्तुरे आणि अर्चना बिडवे. अठ्ठावन्न."

 हत्तुऱ्यांचं टक्कल कानापर्यंत लाल झालं.

"माझा आणि तुमचा किती आहे माहितीये?" गौराक्का पुढं म्हणाल्या. "चव्वेचाळीस. चाळीस वर्षं तुमच्या भाकरी थापूलालेय मी, आणि सरकार म्हणतंय, आपण कुणीच नाही!"

अंबादास आधी खोकला आणि मग त्याला हसू आवरेना. "मालक, दिवाळीपर्यंत कोण खोल्या बघणार? मी का तुम्ही?"

"गप बस बे!"

उलगडा गौराक्कांनीच केला, तोही दुसऱ्या दिवशी, ताक घुसळताना. अर्चनाकडचं विरजण सबंध आळीत नावाजलेलं. तिच्या आजीकडून आलेलं, कधी न मोडलेलं. दही कसं, तर वाटी उलटी केली तरी हलू नये. हत्तुऱ्यांकडचं विरजण बिघडलं की गौराक्का वर जात. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही ही रीत, म्हणून दुपारीच वाटी घेऊन जात. हत्तुऱ्यांना दोन्ही वेळा ताक लागे. गौराक्कांना सांधे धरतात म्हणून दही वर्ज्य. अर्चनाच्या घरचे जंतू वाटीतून खाली उतरले आणि हत्तुऱ्यांच्या पोटात नांदायला लागले. चोंबडीला काय कळणार, की एकजीव झालं ते दूध?

पण असले घोटाळे एकट्या सोलापुरात नव्हते. विरजण जिथं जिथं हातोहात फिरतं, तिथं तिथं शेजारणींचे नवरे अडकले. कुठं सासरा आणि मोलकरीण, कुठं पुजारी आणि सगळी आळी. घरमालकांचा संघ उभा राहिला. तुमच्या दारात मोर्चा आला, आणि मोर्चात कोण होते? इज्जतदार पुरुष. अर्चनासारखीला घराबाहेर काढताना पेटी खरी होती. इज्जतदार पुरुषाचं नाव निघाल्याबरोबर पेटीत दोष सापडला.

त्या मधल्या काळात अंबादासला कारखान्यात बोलावणं आलं. कारखान्याचा माणूस, कुलकर्णी, वाईट नव्हता. थकलेला होता. त्याच्यासमोर एकजीव निघालेल्या कामगारांची रांग उभी होती.

"गाजूल, तुमचा एकाहत्तर आहे. म्हणजे बाईंचा विमा, दवाखाना, सगळं आमच्यावर आलं."

"तर मग द्या की."

"मालक म्हणतात, अशा सगळ्यांना ठेक्यावर घ्या. ठेक्यावर गेलात की जबाबदारी ठेकेदाराची. नाहीतर एक करा, लिहून द्या की बाई फक्त शेजारी राहतात. आम्ही आक्षेप घेऊ, आकडा रद्द होईल. तुम्ही कायम."

अंबादासनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अर्चना मशीनवर होती. पाय थांबवला नाही तिनं. "दे की लिहून. शेजारी तर शेजारी. मी काय कुठं जातेय?"

"नाही देणार."

"का? कागद नको म्हणून मीच म्हणाले होते ना?"

"तू लग्नाचा कागद नको म्हणाली होतीस," तो म्हणाला. "तू माझी कुणी नाहीस, असा कागद दे म्हणून कधी म्हणालीस?"

यावर तिनं मशीन थांबवलं.  उठून चहा टाकला.

अंबादास ठेक्यावर गेला. काम तेच, रंगाची टाकी तीच, फक्त हातमोजे आणि तोंडाची जाळी आता ठेकेदारानं द्यायची होती. ठेकेदार देतो देतो म्हणत राहिला.

मग तुमची दुरुस्ती आली. दही-वजावट. शास्त्रज्ञांनी तुम्हाला सांगितलं होतं, की अन्नातून येणारे जंतू वेगळे ओळखायला वेळ लागेल, अभ्यास करावा लागेल. तुम्हाला वेळ नव्हता, मोर्चा दारात होता. तुम्ही सोपं केलंत. जे जंतू खाण्यातून आलेले असू शकतात ते सगळे वजा. असू शकतात! मग उरलं काय? जी दोघं एका भांड्यातलं खातात, एका पेल्यातलं पितात, त्यांचं तर सगळंच खाण्यातून आलेलं असू शकतं. जितकं जास्त वाटून खाल्लं, तितकं जास्त वजा. आणि ज्या नवरा-बायकोचं वर्षानुवर्षं पटत नाही, तो हॉटेलात जेवतो आणि ती डब्यात, फक्त गादी एक, ती ठणठणीत एकजीव. हे गणित कुणी मांडलं त्याचं नाव आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

अर्चना-अंबादासचा नवा आकडा आला. बत्तीस.

खरं सांगायचं तर त्या दिवशी दोघं हसली. हत्तुरे स्वतः जिना चढून आले, गुडघ्यांसकट, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांचा आणि अर्चनाचा आता होता फक्त सहा. "राहा, राहा," ते म्हणाले. "आता कायद्यानं तुम्ही एकमेकांचे कुणीच नाही. माझी काही हरकत नाही."

"बघ," अंबादास पेढा मोडून अर्ध्या भागाचा मान तिला देत म्हणाला, "सरकारनं काडीमोड दिला. लग्न न करता काडीमोड घेणारी तूच पहिली."

"पोटगी दे मग," ती म्हणाली.

त्यांना वाटलं, पीडा टळली. कुणालाही वाटलं असतं.

आकडा उतरला तरी कारखान्यानं अंबादासला ठेक्यावरून परत घेतलं नव्हतं. रंगखात्यातल्या टाकीतून वाफ सुटली त्या दिवशी त्याच्या तोंडावर जाळी नव्हती. घशातून छातीपर्यंत भाजला. कारखान्यानं त्याला दवाखान्यात पोहोचवलं. एवढं त्यांनी केलं, ते सांगायला हवं. अर्चना धावत पोहोचली तेव्हा तो नळ्यांमध्ये होता आणि काचेच्या दाराशी एक मुलगी यंत्र घेऊन बसली होती.

"पेशंटच्या कोण?"

"मी त्याची..." अर्चना अडखळली. इतक्या वर्षांत हा शब्द लागलाच नव्हता. 'वरची मंडळी' म्हणायला दोघं लागतात. "मी त्याच्याबरोबर राहते."

मुलीनं यंत्रात पाहिलं. "बत्तीस. सॉरी मावशी. पन्नासच्या आत सोडता येत नाही. रक्ताचं कुणी आहे?"

रक्ताचा होता एक पुतण्या, श्रीनिवास, हैदराबादला. त्याला कारखान्यानं शोधला, गाडी पाठवली, कुलकर्णी स्वतः आणायला गेले. रक्ताच्या माणसानं सही केली की कारखाना मोकळा होणार होता. उपचार हैदराबादला, पुतण्याच्या ताब्यात, पुढं तक्रार नाही. डॉक्टर म्हणत होते, शुद्ध येईल, पण जपावं लागेल, हलवणं धोक्याचं आहे. पण डॉक्टरला कोण विचारतो? सही पुतण्याची लागते.

म्हणून अर्चना सहनिवास कार्यालयात गेली. मागे मागे गौराक्का आल्या. नको म्हटलं तरी आल्या. अधिकारी फडतरे म्हणून तरुण माणूस, डोळ्यांखाली काळं, समोर गर्दी. कुलकर्णी आणि श्रीनिवास आधीच बसलेले. पेशंट कुणाच्या ताब्यात द्यायचा ते इथंच ठरायचं, म्हणून सही त्याच टेबलावर व्हायची होती.

"बाई, मला समजतं," फडतरे म्हणाले. खरंच समजत असावं, कारण ते तिच्याकडं बघत नव्हते. "पण आकडा बत्तीस आहे."

"आधी एकाहत्तर होता. मी बदलले नाही, तो बदलला नाही. तुमचं गणित बदललं."

"दुरुस्त झालं म्हणा."

"दुरुस्त झालं? त्या एकाहत्तरावर त्याला ठेक्यावर टाकला. ठेक्यावर गेला म्हणून जाळी मिळाली नाही. जाळी नव्हती म्हणून भाजला. आणि भाजल्यावर म्हणता, एकाहत्तर चुकीचा होता? मग त्याला ठेक्यावर टाकलेलं पण दुरुस्त करा की!"

कुलकर्णींनी खाली बघितलं. "तो प्रश्न वेगळा आहे, बाई."

गौराक्का पुढं झाल्या. "ओ साहेब, मला विचारा. मी खाली राहते. ह्या पोरीला टायफॉइड झालता तर हा माणूस उशाला बसून होता. ह्यांचं भांडण मी ऐकलंय, ह्यांचं हसणं ऐकलंय. काय बोलूलालाव तुम्ही, कुणी नाही म्हणून?"

"आजी, ही मानवी साक्ष झाली," फडतरे हळूच म्हणाले. "कायद्यात मानवी साक्ष घेता येत नाही. माणसं बायस्ड असतात."

"काय असतात?"

"एका बाजूची असतात."

"असणारच की! मी तिच्या बाजूची नाही तर काय मोरीच्या बाजूची?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. फडतरे हसले नाहीत. ते पाणी प्याले, आणि त्यांनी अर्चनाला तो प्रश्न विचारला जो येणार हे तिला ठाऊक होतं. "इतकी वर्षं एकत्र होतात, तर लग्न का नाही केलं?"

"तुम्ही केलंय?" ती म्हणाली.

"हो."

"आकडा किती आहे?"

फडतऱ्यांनी स्क्रीन सरळ केल्यासारखं केलं.

कुलकर्णींनी कागद श्रीनिवासपुढं सरकवला आणि पेन दिलं. पोरगा पंचविशीचा, घामाघूम. त्याला इथं यायचं नव्हतं. काका दरवर्षी त्याला दसऱ्याला फोन करायचा, आणि फोन पुढं अर्चनाच्या हातात द्यायचा, एवढीच त्याची ओळख. पेन हातात घेऊन त्यानं मागं वळून पाहिलं आणि अर्चनाला विचारलं, "पिन्नी, सही करू?"

"काय म्हणालास?" कुलकर्णी म्हणाले.

"काही नाही. पिन्नी म्हटलं."

"म्हणजे?"

श्रीनिवास गडबडला. त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. "म्हणजे... काकू. काकाची बायको."

 फडतऱ्यांनी पेला खाली ठेवला. ज्याच्या रक्तावर अख्खा कारखाना विसंबून होता, त्या रक्तानंच नातं सांगितलं होतं. न ठरवता, न शिकवता. आणि क्षणभर, फक्त क्षणभर, फडतऱ्यांचा हात त्या कागदाकडं गेला. त्यांनी तो ओढून घेतला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

"ही पण मानवी साक्ष," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू गेला नसावा. हात परत मागं गेला.

श्रीनिवासनं पेन ठेवून दिलं. मग कुलकर्णींनी त्याच्या कानात काही सांगितलं, दवाखान्याचा खर्च, कोण भरणार, तू भरणार का, असलं. पोरानं पेन पुन्हा उचललं. "मला पण नोकरी आहे पिन्नी," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ह्या सगळ्यात रडला तो एकटाच. सही झाली. हैदराबादची गाडी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती, आणि गाडीत अर्चनाला जागा नव्हती, कारण गाडीत नातेवाईकच बसू शकतात.

गौराक्का म्हणाल्या, "चल बाई, घरी चल." अर्चना उठली नाही. तिला राग यायला हवा होता, पण रागालासुद्धा अंगात जोर लागतो. पुढचा नंबर पुकारला गेला, मागचे लोक खुर्चीसाठी खोळंबले. ती टेबलाची कडा धरून बसून राहिली.

"बाई, पुढच्यांना येऊ द्या."

"येऊ देते. एक सांगा," ती म्हणाली. "तो शुद्धीवर येणार आहे. डॉक्टर म्हणालेत. डोळे उघडल्यावर पहिल्यांदा तो मला शोधणार. आजवर ताप आला तरी तेच करायचा. तिथं परक्या गावात, परक्या खोलीत तो विचारणार, अर्चना कुठाय. आणि घसा भाजलाय, तर नुसतं बघून विचारणार. तुमच्याकडं आकडा आहे, गणित आहे, पेटी आहे. तेव्हा त्याला काय सांगायचं, ते मला सांगा. मी कुणी नाही म्हणून आले नाही, असं सांगायचं? की मी येत होते आणि तुम्ही दारात अडवलं, असं सांगायचं?"

फडतरे काही बोलले नाहीत. त्यांना अधिकार नव्हता.

ज्यांना आहे, त्यांनी बोलावं. काय सांगायचं त्याला?